बारावा खंड उघडवत नाही

ताई,

वय ३८, काम हिशेबाचं. तीन वर्षांपूर्वी पाय मोडून घरी पडले होते, तेव्हा भाच्याने त्याच्या टॅबवर एक जपानी मंगा, म्हणजे चित्रकथा, लावून दिला आणि म्हणाला, "मावशी, उजवीकडून वाच." तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. जादू, ड्रॅगन, मरून दुसऱ्या जगात जन्म घेणारी माणसं, सगळं आवडतं. मंगा वाचते, लाइट नॉव्हेल्स म्हणजे मधेमधे चित्रं असलेल्या छोट्या जपानी कादंबऱ्या वाचते, सगळं इंग्रजी भाषांतरातून.

अडचण अशी. एका मालिकेचे अकरा खंड झाले, बारावा महिनाभर उशाशी आहे, उघडवत नाही. सोडवतही नाही, कारण मग आधीचे अकरा वाया गेल्यासारखं वाटतं. अशा अर्धवट मालिका आठ आहेत. मी त्यांची वहीत यादी ठेवते आणि वही उघडली की ऑफिसातली थकबाकी आठवते. शिवाय काही पुस्तकांत मुलींच्या आंघोळीची दृश्यं, बाजारातून विकत घेतलेल्या गुलाम मुली असलं काही येतं. कथा आवडत असते आणि तेवढ्यात लाज वाटते.

थोरली बहीण म्हणते, "या वयात चित्रांची पुस्तकं?" तिचाच मुलगा म्हणतो, "जपानी शिकल्याशिवाय ते खरं वाचन नाही." दोघांपैकी कुणाचं ऐकू?

आणि एक फुटकळ प्रश्न. भांडणानंतर खोलीत सगळे गप्प उभे आहेत अशा एका चित्रावर मोठ्या जपानी अक्षरांत काहीतरी होतं: दोन ठिपके आणि एक फराटा, मग लांबलचक उभी रेघ, मग एक ठिपका आणि फराटा. भाषांतरात ते तसंच ठेवलंय. काय असेल?

— अर्धवट

प्रिय अर्धवट,

सही चांगली निवडलीत. आठांपैकी एकाही मालिकेचं नाव लिहिलं नाहीत हे त्याहून चांगलं केलंत, आता मला तुमच्या लाडक्या पुस्तकांना धक्का न लावता बोलता येईल. ठिपक्या-फराट्यांचा प्रश्न मुळीच फुटकळ नाही, पण तो शेवटी घेते. आधी उशाशी पडलेला बारावा खंड.

तुम्ही मनाशी असं धरून चालला आहात की लेखकाने ही गोष्ट पहिल्या पानाआधीच शेवटापर्यंत आखली होती, खंडसुद्धा मोजून ठरवले होते, आणि मधेच दमलात त्या तुम्ही. ज्या प्रकारची पुस्तकं तुम्ही वाचताय त्यांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. ती तयार कशी होतात हे एकदा बघितलं की थांबायच्या जागा दिसायला लागतात. म्हणून जरा पाल्हाळ लावते, सांभाळून घ्या.

जपानमध्ये 'शोसेत्सुका नि नारो' नावाचं एक संकेतस्थळ २००४ पासून चालू आहे. नावाचा अर्थ साधारण 'कादंबरीकार होऊया'. तिथे कुणीही कादंबरी लिहू शकतं आणि कुणीही ती फुकट वाचू शकतं. हौशी लेखक रोज किंवा दिवसाआड चार-सहा पानांचं एक प्रकरण टाकतात. वाचकाला आवडलं तर तो खूण करून ठेवतो, गुण देतो, त्या गुणांवर क्रमवारी लागते, आणि क्रमवारीत वर दिसलं तरच नवे वाचक येतात. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाला एकच काम असतं, वाचक उद्या परत आला पाहिजे. या पुस्तकांची नावं मालगाडीएवढी लांब का, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. यादीत वाचकाला आधी नावच दिसतं, म्हणून लेखक अख्खं कथानक नावातच कोंबून मोकळा होतो.

कथा गाजली की प्रकाशक ती उचलतो, संपादक हात फिरवतो, चित्रकार येतो, आणि तिची लाइट नॉव्हेल होते. 'मुशोकु तेन्सेई' तिथे २०१२ मध्ये सुरू झाली. छापील पहिला खंड आला २०१४ च्या जानेवारीत, आणि संकेतस्थळावर गोष्ट संपली २०१५ मध्ये. म्हणजे पहिला खंड दुकानात लागला तेव्हा शेवटचं प्रकरण लिहूनही झालं नव्हतं. रोजच्या रोज लिहिलेल्या गोष्टीत अधूनमधून पाणी पडणारच. एखाद्या लढाईला चार प्रकरणं पुरली असती तिथे चौदा होतात, एखादी स्पर्धा भरते, एखादं नवं राज्य उगवतं. तुमचा बारावा खंड असाच पाणी घातलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

त्या संकेतस्थळाच्या वाचकांत 'एतारु' असं एक क्रियापद चालतं. 'इटर्नल' या इंग्रजी शब्दाचा तुकडा काढून त्याला जपानी प्रत्यय जोडलाय. लेखकाने कथा अर्ध्यावर टाकली आणि आता ती अनंतकाळ तशीच पडून राहणार, असा त्याचा अर्थ. लेखकांनी गोष्टी अर्ध्यावर टाकणं इतकं सर्रास आहे की त्याला स्वतंत्र क्रियापद लागलं! आणि तुम्ही आठ मालिकांसाठी वहीत थकबाकी मांडून बसला आहात.

मंगाचा कारखाना वेगळा, पण ओढाताण तीच. 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकात आठवड्याला साधारण एकोणीस पानं काढून द्यावी लागतात. वाचक कोणत्या कथा आवडल्या ते कळवतात आणि त्या कौलावर मालिकेचं भवितव्य ठरतं. कौल खाली गेला की काही आठवड्यांत गाशा गुंडाळायचा. याला 'उचिकिरी' म्हणतात, कापून टाकणं. अशा मंगाच्या शेवटच्या खंडात सगळी रहस्यं वीस पानांत उलगडतात आणि नायक सूर्याकडे धावत सुटतो. उलट एखादी मालिका तुफान चालली तर तिला संपवणं अवघड होऊन बसतं. दोन्हीकडून वाचकाचीच पंचाईत.

मासिकातल्या मंगाची चाल त्यामानाने सावकाश असते. 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००१ ते २०१० एका मासिकात आला, २७ खंडांत संपला, आणि पहिल्या खंडात टाकलेली गाठ शेवटच्या खंडात सुटते. 'डिलिशस इन डंजन' २०१४ ते २०२३ चालला, १४ खंड. भुयारातल्या राक्षसांना मारून त्यांचंच जेवण रांधणाऱ्या टोळीची गोष्ट. सुरुवातीला नुसती थट्टा वाटते, आणि मग लेखिका रियोको कुई आपल्याला हळूच विचारात पाडते की खाणं म्हणजे एकाने दुसऱ्याला संपवणंच की. तुम्हाला मालिका संपल्याचं समाधान हवंय, असं पत्रावरून वाटतं. मग आधीच संपलेल्या मालिका उचला. चालू मालिकेच्या मागे धावणं हा वेगळा खेळ आहे, त्यात मजा वाट बघण्याची असते.

सगळंच असं वाहतं लिहिलेलं नसतं हेही सांगायला हवं, कारण त्यात तुमच्या कामाची एक युक्ती आहे. लाइट नॉव्हेलचे प्रकाशक नव्या लेखकांसाठी स्पर्धा घेतात. स्पर्धेला पाठवायचं हस्तलिखित पूर्ण असावं लागतं, त्याला सुरुवात, मध्य, शेवट हवा. पुढचे खंड निघतील की नाही हे लिहिताना लेखकाला ठाऊक नसतं. त्यामुळे स्पर्धेतून आलेल्या मालिकेचा पहिला खंड बहुतेकदा आपल्या पायावर उभा असतो. हाजिमे कान्झाकाची 'स्लेयर्स' अशीच एका स्पर्धेतून निवडली जाऊन १९९० मध्ये पुस्तक झाली. इसुना हासेकुराची 'स्पाइस अँड वुल्फ' २००६ ची, तीही पुरस्कार मिळालेलं हस्तलिखित. तिचा पहिला खंड वाचून तुम्ही पुस्तक बंद केलंत तर काहीही लोंबकळत राहत नाही. पुढचे खंड हवे असतील तर आहेत, नको असतील तर तुमच्याकडे एक पूर्ण कादंबरी आहे.

लांबलचक मालिकांतही लेखक मधेमधे पायरी बांधून ठेवतात. मिया काझुकीची 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' ३३ खंडांची, २०२३ च्या डिसेंबरात संपली. आकडा ऐकून छातीत धडकी भरते. पण तिचे पाच भाग आहेत आणि पहिला भाग तीन खंडांत आटोपतो. तीन खंड वाचून तिथे थांबलेला वाचक अर्धवट नाही, त्याने एक भाग पूर्ण वाचला. तुमच्या अकरा खंडांतही अशी एखादी पायरी असेल, कदाचित सातव्याच्या शेवटी, कदाचित नवव्याच्या. ती शोधा आणि तुमच्यापुरती मालिका तिथे संपली असं समजा. दहावा आणि अकरावा खंड तुम्ही उत्सुकतेपोटी वाचले, बाकी काही नाही.

मी स्वतः एक मालिका नवव्या खंडात सोडली होती. नाव सांगत नाही, तुम्ही तीच वाचत असाल तर उगाच. दोन वर्षांनी तिचाच मंगा हाती पडला. गाजलेल्या लाइट नॉव्हेलचा मंगा बहुधा निघतोच, जपानी लोक त्याला 'कोमिकाराइझु' म्हणतात. जी दरबारी भाषणं मी पुस्तकात जांभया देत वाचली होती ती चित्रकाराने दोन चौकटींत उरकली होती, आणि ज्या म्हाताऱ्या लोहाराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं त्याच्या हातांचं एक पानभर चित्र होतं. गोष्ट तीच, मला पुन्हा आवडली. तेव्हा बारावा खंड उघडवत नसेल तर त्याच गोष्टीचा मंगा एकदा चाळून बघा. उलटही होतं: मंगात नुसती मारामारी वाटलेली गोष्ट पुस्तकात वाचली की पात्राच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. काहीच हललं नाही, तर खंड कपाटात ठेवा आणि उशाशी दुसरं काहीतरी आणा.

राहिली वही. ती फाडू नका, हिशेबाच्या माणसाला वही फाडायला सांगणं क्रूरपणा होईल. पण 'बाकी' हा रकाना काढून टाका. त्या जागी एक ओळ लिहा, या पुस्तकातलं काय आठवतंय. कथानक लिहायचं नाही, ते कुठेही मिळतं. काय आठवतंय तेवढंच. दहा-पंधरा पुस्तकांनंतर ती ओळ तुम्हाला सांगेल की तुमची आवड नेमकी कशावर आहे, आणि मग पुढचं पुस्तक निवडणं सोपं जाईल.

मी पैज लावायला तयार आहे की त्या ओळींत तलवारी कमी आणि नियम जास्त निघतील. तुमच्या कामावरून म्हणते आहे, चुकले तर कळवा. फँटसी वाचणाऱ्यांत मला दोन जाती दिसतात. एकीला चमत्कार हवा असतो. दुसरीला तो चमत्कार कसा चालतो, त्याला खर्च किती, तो कुणाला परवडतो हे हवं असतं. दुसऱ्या जातीसाठी जपानी फँटसी म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट आहे. 'स्पाइस अँड वुल्फ'मध्ये एक फिरता व्यापारी आणि एक लांडगीदेवता गाडीतून गावोगाव जातात, आणि पहिल्या खंडातलं सगळं नाट्य एका नाण्यातल्या चांदीचं प्रमाण बदलणार या बातमीवर उभं आहे. 'बुकवर्म'ची नायिका पुस्तकवेडी, पुस्तकांच्याच ढिगाखाली मरते आणि अशा जगात जन्मते जिथे पुस्तकं फक्त सरदारांच्या घरी. मग ती पोर स्वतः कागद करायला निघते. गवताचे धागे विणून बघते, मातीच्या पाट्या करून बघते, लाकडाच्या पट्ट्या करते तर घरचे लोक सरपण समजून जाळून टाकतात. कित्येक पानं नुसती ही खटपट आहे आणि ती वाचताना झोप उडते.

नियमांचं हे वेड आलं कुठून, त्याचीही गंमत आहे. १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' नावाच्या संगणक-खेळांच्या मासिकात रियो मिझुनो आणि मंडळींनी टेबलाभोवती बसून खेळलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या साहसखेळाचा वृत्तांत छापायला सुरुवात केली. फासा काय पडला, कोण काय बोललं, सगळं संवादांच्या रूपात. लोकांना तो इतका आवडला की त्यातून १९८८ मध्ये 'लोडॉस' मालिकेची पहिली कादंबरी निघाली. त्याच १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम आला आणि मुलांच्या पिढ्यांना राक्षसराजा, वीर, पातळ्या, मंत्राला लागणारी शक्ती हे सगळं तोंडपाठ झालं. त्या गेममध्ये सगळ्यात आधी भेटणारा, सगळ्यात दुबळा शत्रू म्हणजे स्लाइम, अकिरा तोरियामाने काढलेला तो हसरा निळा थेंब. हे माहीत असलं की मरून स्लाइमचा जन्म मिळालेल्या माणसाच्या गोष्टीतला विनोद नावातच कळतो. लेखकाला जग समजावून सांगत बसावं लागत नाही, वाचक ते लहानपणीच खेळून आलेला असतो. तुम्हाला काही पुस्तकांत 'हे सगळ्यांना आधीच कसं ठाऊक?' असं वाटलं असेल, त्याचं कारण हे.

आता लाज वाटते त्याबद्दल. तुम्ही दोन गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत, मी त्या वेगळ्या करते. गरम पाण्याच्या झऱ्यावर सगळ्या मुली आंघोळीला जातात आणि नायक चुकून तिथे धडकतो, हे दृश्य या प्रकारात इतक्यांदा आलंय की लेखकही ते झोपेत लिहीत असावेत. लाइट नॉव्हेल हे बहुधा १५ सेंटिमीटरही उंची नसलेलं खिशातलं पुस्तक, सुरुवातीला काही रंगीत चित्रं, ती चित्रं दुकानात पुस्तक खपवतात, त्यामुळे असं दृश्य घालण्याचा मोह सुटत नाही. मला ते कंटाळवाणं वाटतं. पान उलटते. तुम्हीही उलटा, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

गुलाम मुलीचं तसं नाही. नायक बाजारात जातो, एक मुलगी विकत घेतो, तिला गरम जेवण देतो, ती त्याच्यावर जीव टाकते, आणि लेखकाची अपेक्षा असते की आपण नायकाच्या पाठीवर थाप मारावी. गुलामगिरी असलेलं जग रंगवणं वेगळं, आणि त्या जगात मालक होण्याची हौस वाचकाला पुरवणं वेगळं. दिसायला दहा वर्षांची पण वय म्हणे तीनशे, ही पळवाटही त्यातलीच. एखाद्या पुस्तकात हे एका प्रकरणापुरतं येत असेल तर तुम्ही ठरवा. गोष्ट त्यावरच उभी असेल तर मी पुस्तक बंद करते, कितव्याही खंडावर असलं तरी. तुम्हाला लाज वाटते म्हणजे तुमची पारख जागी आहे, तिचं ऐका. या प्रकारात लिहिणारे शेकड्यांनी आहेत, असल्या पानांवाचून तुमचं काही अडणार नाही.

बहिणीला समजवायला जाऊ नका. विशेषतः 'यातून बरंच शिकायला मिळतं' हा मुद्दा तर काढूच नका, कारण मग ती उद्या विचारेल काय शिकलीस, आणि तुम्ही नाण्यातल्या चांदीबद्दल सांगत बसाल. गंमत म्हणून वाचते, एवढं उत्तर पुरतं. तुमच्या स्वतःच्या समाधानासाठी हवं असेल तर सांगते: जपानमध्ये प्रौढांसाठीची मंगा मासिकं वेगळी निघतात, आणि २०१० नंतर संकेतस्थळांवरच्या कथांची मोठ्या आकाराची पुस्तकं निघायला लागली ती नोकरदार वाचक डोळ्यांपुढे ठेवूनच. ही मोठी पुस्तकं खिशातल्या पुस्तकापेक्षा बरीच महाग असतात. शाळकरी पोरांच्या खिशाकडे बघून कुणी असं करत नाही.

आणि चित्रांचं पुस्तक सोपं असतं हा गैरसमज तिच्याजवळ तसाच राहू दे. तुम्हाला तर ठाऊक आहे, पहिले आठ दिवस कुठली चौकट आधी हे शोधण्यातच जातात. जपानी पुस्तक उजवीकडून उलगडतं, म्हणून मोठा धक्का डावं पान उलटल्यावर मिळेल असा ठेवलेला असतो. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत वाचकांच्या सोयीसाठी पानं आरशात बघितल्यासारखी उलटी छापायचे, तेव्हा झाडून सगळे तलवारबाज डावखुरे व्हायचे.

भाच्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, त्याला तेवढं श्रेय देऊया. भाषांतरात काय सांडतं ते मराठी माणसाला चटकन कळावं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जपानीत तर 'मी' म्हणायलाच ढीगभर शब्द: रांगडा पोरगा 'ओरे' म्हणतो, सौम्य मुलगा 'बोकु', म्हातारा 'वाशी'. तोंडातून एक सर्वनाम निघालं की माणूस कळतो. 'स्पाइस अँड वुल्फ'मधली लांडगीदेवता होलो स्वतःला 'वाच्ची' म्हणते, जुन्या काळच्या गणिकांच्या बोलीची आठवण करून देणारं बोलते, तिचा निम्मा तोरा त्या बोलीत आहे. इंग्रजीत ती नुसती जुनाट बोलणारी मुलगी होते. याउलट जपानी क्रियापदाला लिंग नाही, म्हणून एखादं पात्र मुलगा की मुलगी हे लेखक पाच प्रकरणं सहज लपवू शकतो. मराठीत 'आला' किंवा 'आली' म्हटलं की संपलं. या पुस्तकांचं मराठी भाषांतर करायला जो बसेल त्याची मला आत्तापासून काळजी वाटते.

पण म्हणून भाषांतरातलं वाचन खोटं कसं? भाच्याला विचारा, त्याने वाचलेल्या किती पुस्तकांची मूळ भाषा त्याला येते. एक मात्र बघा, भाषांतर अधिकृत असू द्या. चोरून स्कॅन केलेल्या प्रती सगळीकडे फिरतात आणि त्यातून ना लेखकाला काही मिळत ना भाषांतरकाराला. चाखून बघायचं असेल तर शुएइशा या प्रकाशकाचं 'मंगा प्लस' २०१९ पासून आहे, तिथे चालू मालिकांची पहिली आणि ताजी काही प्रकरणं फुकट वाचता येतात.

जपानी शिकायचं तर हौसेने शिका, परीक्षा म्हणून नको. वर्तमानपत्र वाचण्याइतपत जपानी यायचं तर सरकारी यादीतली २,१३६ चित्राक्षरं आहेत, ते काम वर्षांचं. मुलांसाठीच्या मंगात चित्राक्षरांच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, फुरिगाना म्हणतात त्याला, त्याचा आधार होतो. फँटसीचे लेखक या सोयीचा खोडसाळ वापर करतात. मोठ्या अक्षरांत लिहायचं 'काळी ज्वाळा' आणि बाजूच्या बारीक अक्षरांत उच्चार द्यायचा भलत्याच कुठल्यातरी परकी वाटणाऱ्या मंत्राचा. वाचक दोन्ही एकाच वेळी वाचतो. याचं भाषांतर होतच नाही.

तेवढं सगळं नको असेल तर फक्त काताकाना ही जपानी उच्चारलिपी शिका. मूळ अक्षरं ४६, रोज पाच-सहा केलीत तर नऊ-दहा दिवसांत होतात. मंगातले आवाज बरेचदा त्याच लिपीत असतात. आज तुमच्या डोळ्यांना जी नक्षी दिसते ती बोलायला लागेल. आणि मराठी वाचकाला त्यात फार परकं वाटत नाही, कारण आवाजांचे शब्द आपल्याकडेही कमी नाहीत. काळीज 'दोकी दोकी' करतं तिथे आपलं धडधडतं. तारे 'किरा किरा' तिथे आपले लुकलुकतात. शिवाय जपानीत ज्याला आवाजच नाही त्याचाही शब्द असतो, जसं आपल्याकडे लख्ख, गच्च, टकमक.

तर तुमचं चित्र. दोन ठिपके आणि खालून वर जाणारा फराटा म्हणजे 'शि'. लांब उभी रेघ म्हणजे आधीचा स्वर ओढायचा. एक ठिपका आणि फराटा म्हणजे 'न'. शीऽऽऽन. भांडण संपलंय, खोलीत कुणी बोलत नाहीये, त्याचा तो आवाज. मराठीत तिथे बहुतेक 'चिडीचूप' लिहावं लागलं असतं.